लाकडी हत्तीमागचा राजा

"रड," अर्तेमोन म्हणाला. "तुझा देश मी आत्ताच जिंकलाय."

मी प्रयत्न केला. पण सकाळची वेळ होती, पोट भरलेलं होतं आणि माझा देश समुद्रापलीकडे अगदी सुखरूप असल्याचं मला माहीत होतं. जमेना. मग अर्तेमोनच्या एका नोकराने माझ्या डोळ्यांखाली चिरलेला कांदा धरला, आणि जमलं.

अर्तेमोन दोन पावलं मागे सरकला, मान डावीकडे कलती करून त्याने माझ्याकडे बघितलं. "दुःखी वाटतोय," तो म्हणाला, "पण हिंदचा वाटत नाही."

माझे मामा शेजारीच उभे होते. त्यांनी शपथेवर सांगितलं, की मी हिंदचाच आहे, सोपाऱ्याचा, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा इसिदत्त. अर्तेमोन म्हणाला, ते असेल, पण लोकांना पटायला हवं. मग त्यांनी मला काजळी फासली, डोक्यात मोराची पिसं खोचली आणि दोन्ही कानांना चामड्याचे गुडघ्यापर्यंत लोंबणारे कान बांधले. हिंदची माणसं रात्री एक कान अंथरतात आणि दुसरा पांघरतात, हे त्या गावात लहान मुलालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, आमच्याकडे घोंगड्या असतात. नोकराने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि गाठ आणखी घट्ट केली.

हे गाव म्हणजे नील नदीच्या काठचं एक यवनांचं, म्हणजे सिकंदराच्या ग्रीक लोकांचं, गाव. नाव सांगत नाही, मामांचं गिऱ्हाईक अजून आहे तिथे. धम्मपालमामा दर वर्षी वाऱ्याबरोबर जहाज घेऊन निघत, समुद्र ओलांडून उंटांच्या तांड्याने वाळवंट पार करत आणि मिरी नि सुती कापड विकून पुन्हा वाऱ्याबरोबर परत येत. त्या वर्षी मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरी लग्न ठरलेलं होतं. परत आल्यावर अक्षता पडायच्या होत्या.

गावावर राज्य रोमचं होतं, पण वेड सिकंदराचं. सिकंदर मरून शतकं लोटली होती, तरी त्याचे पुतळे होते चौकाचौकात, आणि सगळ्या पुतळ्यांची मान डावीकडे कललेली. त्यामुळे गावातल्या प्रत्येक श्रीमंत माणसाचीही मान डावीकडे कललेली असे. नगरसभा भरली, की लांबून वाटायचं, सगळे मिळून भिंतीपलीकडचं काहीतरी ऐकतायत. अर्तेमोन खारवलेल्या माशांचा व्यापारी. त्याची मान सगळ्यांत जास्त कललेली होती. ती संध्याकाळी सरळ करायला त्याने एक मालिशवाला ठेवला होता.

दर वर्षी मद्याच्या देवाची मिरवणूक निघायची. त्यांची समजूत अशी, की हिंद पहिल्यांदा जिंकला तो या देवाने. मग देवाची नक्कल करत सिकंदराने जिंकला. आणि आता सिकंदराची नक्कल करत गावातला एक श्रीमंत माणूस दर वर्षी जिंकायचा. ज्याने सगळ्यांत थाटात जिंकला त्याचा पुतळा चौकात बसायचा. आमचा देश इतक्या वेळा पडलाय याची आम्हाला सोपाऱ्यात काहीच कल्पना नव्हती.

आदल्या वर्षी एका धान्याच्या व्यापाऱ्याने खऱ्या काळ्या घोड्यावर बसून हिंद जिंकला होता. अर्तेमोनला घोड्याची भीती वाटायची, म्हणून त्याने दुसऱ्या बाजूने मात करायची ठरवली. एरवी मिरवणुकीत हिंदचे कैदी म्हणून मातीच्या बाहुल्या नेत असत. अर्तेमोन जिवंत राजा नेणार होता. बाजारात त्याने मामांना गाठलं, आणि पुढली सगळी वर्षं त्याच्या माशांना लागणारी मिरी आमच्याकडूनच घ्यायची, या बोलीवर मामांनी मला राजा केलं.

मिरवणूक चांगली झाली, उगाच का खोटं बोला. पुढे पेटते दिवे, मग माळा घातलेले बैल, मग चाकांवरचा लाकडी हत्ती. हत्तीच्या पोटात बसून चार माणसं तो ढकलत होती आणि सोंडेतून लोकांच्या पेल्यांत मद्य सोडत होती. मधेच हत्ती शिंकला, दोनदा. त्याच्या शेपटीला एक साखळी, आणि साखळीच्या टोकाला मी. माझ्यामागे अर्तेमोन एका खेचरावर. खेचराच्या कपाळावर सिकंदराच्या घोड्यासारखा चांद चुन्याने काढला होता. रोमचा सुभेदार उंच मंचावर बसला होता. त्याने मला बघितलं, मान डोलावली आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. अर्तेमोनने ते पाहिलं. त्याची मान आणखी कलली.

लोकांनी माझ्यावर खजुराच्या बिया फेकल्या. एक म्हातारी मात्र गर्दीतून पुढे आली, पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "झालं ते झालं, बाळा. किती वर्षं धरून बसणार?" त्यानंतर मला कांद्याची गरज लागली नाही.

देवळाच्या आवारात मिरवणूक संपली. बैल एकीकडे नेले, फळांच्या टोपल्या दुसरीकडे. हत्तीतली माणसं मागच्या दाराने कधी पसार झाली कळलंच नाही. अर्तेमोन पायऱ्यांवरूनच परतला होता. मी कान सोडले, नीट घडी करून एका पुजाऱ्याच्या हातात दिले आणि बाहेर जायची वाट विचारली.

"बाहेर कुठे?" मागून एका बाईंनी विचारलं.

त्या मुख्य पुजारीण, मेलित्ताबाई. वयस्कर, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी म्हटलं, घरी. त्यांनी मला हाताला धरून एका लांबलचक कोठाराशी नेलं आणि दार उघडलं. आत लाकडी हत्तीच हत्ती होते. एकावर एक रचलेले, काहींचे दात पडलेले, एकाच्या पाठीवर मांजर व्यालेली.

"हे जातात का घरी?" बाईंनी विचारलं.

नियम साधा होता. मिरवणुकीबरोबर जे देवळाच्या दारातून आत येतं, ते देवाचं. बैल देवाचा, टोपली देवाची, हत्ती देवाचा. मातीच्या बाहुल्यांनी कधी तक्रार केली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न फारसा निघाला नव्हता. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला झाडलोटीचं काम दिलं, बैलांपेक्षा माझं बरं चाललं होतं हे बैल कुठे जातात ते पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं. जेवण चांगलं मिळेल, त्या म्हणाल्या, आणि मेल्यावर पुरायची व्यवस्था देऊळच करतं.

तांडा दुसऱ्याच दिवशी निघायचा होता. तांडा चुकला की जहाज चुकलं, जहाज चुकलं की वारा, आणि देवाच्या मालकीच्या वस्तूला पुढल्या वर्षीचा वाराही काही उपयोगाचा नव्हता.

मामा दाराशी आले, तेही बाहेरच्या बाजूने. परदेशी माणसाला आत यायला बंदी होती. आत यायचं तर दान म्हणूनच. दाराच्या फटीतून त्यांचं नाक आणि अर्धी मिशी दिसत होती. त्यांनी मला धीर दिला, मग अर्तेमोनकडे गेले, आणि ऊन उतरायच्या आत परत आले. आवाज बसला होता.

झालं ते असं. मामांनी अर्तेमोनला सांगितलं, तू फक्त एवढं कबूल कर, की पोरगा सोंग होता, मिरीच्या बोलीवर आणलेला. अर्तेमोन म्हणाला, माझं मन फार मोठं आहे पण हे होणार नाही. सुभेदाराने पुतळा मंजूर केला होता. खाली कोरायचा मजकूरही ठरला होता: हिंदच्या राजाला साखळीत आणणारा. कैदी सोंग ठरला तर विजयही सोंग ठरणार.

"म्हणाला, एकदा जिंकलेला देश असा परत हरता येत नाही," मामा फटीतून म्हणाले. "मी म्हटलं, तू मासे विकतोस. तर म्हणाला, सिकंदर स्वतःला देवाचा मुलगा म्हणवायचा, त्याला खरा बाप विचारायची कुणाची हिंमत होती का?"

"मग आता?"

"पुजारीणबाईंशी बोलतो."

मेलित्ताबाई दाराशी आल्या आणि त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्याकडे एक वाट होती. देव खोटी वस्तू घेत नाही. मागे एकाने सोन्याचं म्हणून तांब्याचं वासरू दिलं होतं, ते घासून पाहिलं आणि परत केलं. हा मुलगा हिंदचा नसेल, तर तो खोटा. तो परत जाईल. "तुम्ही याचे मामा ना?" त्यांनी विचारलं. "मग सांगा देवासमोर. हा हिंदचा नाही, एवढंच."

मामांना मी ओळखतो. वीस वर्षं त्या बाजारात ते एकच गोष्ट ओरडून विकत होते: अस्सल हिंदचा माल, अस्सल हिंदच्या माणसाकडून. बहिणीचा मुलगा हिंदचा नसेल तर बहीण कुठली, बहीण नसेल तर भाऊ कुठला, आणि भाऊ नसेल तर मिरी कुठली? हा हिशेब त्यांच्या डोळ्यांत मला फटीतून स्पष्ट दिसत होता. तो त्यांनी लवकर संपवावा असं मला फार वाटत होतं.

"घरच्या माणसाची साक्ष चालते का?" मामांनी शेवटी विचारलं.

"खरं तर नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की दाराच्या फटीतून वारा आला.

"मग उद्या परीक्षा घेऊ," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे आमचा हिंदचा माणूस आहे."

हे मला नवीन होतं. मामांनाही. पण देवळात खरंच एक होता. पूर्वी, मेलित्ताबाई नुकत्या देवळात लागल्या होत्या तेव्हा, एका तेलाच्या व्यापाऱ्याने असाच हिंद जिंकला होता आणि असाच एक खलाशी साखळीला बांधून आणला होता. तो राहिला. त्याचं नाव त्यांनी इंदोस ठेवलं, म्हणजे हिंदवाला. यात्रेकरू त्याला बघायला लांबून यायचे. तो त्यांना हिंदच्या गोष्टी सांगायचा आणि देवळाला त्याचं चांगलं उत्पन्न होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात गर्दी जमली. पुढे अर्तेमोन, त्याच्यामागे मालिशवाला. मामा दाराबाहेर. तांड्याचे उंट तिकडे लादायला घेतले होते, त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मधोमध मी, अंगावरची काजळी अर्धी निघालेली. मग पायऱ्यांवरून इंदोस आला.

गुबगुबीत म्हातारा, अंगावर चित्त्याचं कातडं, डोक्यावर माझ्यापेक्षा किती तरी जास्त पिसं. कान मात्र स्वतःचेच होते. इतक्या वर्षांनी त्याला चामड्याचे कान घालायची गरज राहिली नसावी, त्याचा शब्द पुरत असावा. त्याने माझ्याकडे नीट बघितलंही नाही. आसनावर बसला आणि यवनांच्या भाषेत, अस्सल तिथल्या उच्चारात, प्रश्न विचारायला लागला.

"तुमच्याकडे सोनं कोण खणतं?"

"खाणीतली माणसं," मी म्हटलं. "सोपाऱ्यात तर फारसं सापडतच नाही."

गर्दीत कुजबुज झाली. इंदोसने हळहळ वाटल्यासारखी मान हलवली. "मुंग्या," तो लोकांना म्हणाला. "कुत्र्याएवढ्या." लोकांनी माना डोलावल्या.

मग त्याने विचारलं, तुमच्याकडची एका पायाची माणसं भर उन्हात काय करतात. मी म्हटलं, एका पायाचा मी एकच पाहिलाय, दुसरा मगरीने नेला होता, आणि तो उन्हात मासे विकतो. लोक हसले. पाय डोक्यावर धरून सावली करतात हे एका पोराने मागून ओरडून सांगितलं, आणि त्याच्या आईने कौतुकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांबद्दल मला काहीच माहिती नव्हती. तोंड नसलेली आणि नुसत्या वासावर जगणारी माणसं कुठे राहतात, तेही मला सांगता आलं नाही. प्रत्येक उत्तराला मी अगदी खरं बोलत होतो आणि प्रत्येक खऱ्या उत्तराबरोबर देवळाच्या दाराकडे थोडा थोडा सरकत होतो. आयुष्यात खरं बोलून माझा एवढा फायदा आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही.

"याला हिंदमधलं काही म्हणजे काही ठाऊक नाही," मेलित्ताबाई म्हणाल्या आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला.

"थांबा," अर्तेमोन म्हणाला.

तो पुढे आला. घामाने त्याचं रंगवलेलं तोंड ओघळलं होतं. मुंग्या याने पाहिल्या नसतील, तो म्हणाला, राजे लोक खाणीत जात नाहीत. पण भाषा? राजा झाला तरी भाषा असणारच. "याच्याशी त्यांच्या भाषेत बोला. हा लपवतोय. भाषा कानावर पडली की माणसाचा चेहरा लपत नाही. सगळे बघा याच्या चेहऱ्याकडे."

बाईंना ते पटलं. मला पटलं नसतं तर बरं झालं असतं, पण मलाही पटलं. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. मेलित्ताबाई तर इतक्या जवळ आल्या, की त्यांच्या किल्ल्या माझ्या पोटाला लागत होत्या.

इंदोस आसनावरून उठला. आता त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मग तो बोलला, आपल्या भाषेत, आणि त्याचा आवाज वेगळाच निघाला. चिरका, पोरगेला.

"हलू नकोस," तो म्हणाला. "खांबासारखा उभा राहा. चेहऱ्यावर काही आणलंस तर जन्मभर माझ्या शेजारी झोपशील, आणि मी घोरतो."

मी त्याच्या डोक्यावरच्या मोराच्या एका पिसाकडे बघत राहिलो.

"चांगला उभा आहेस. असाच राहा. यांना वाटायला हवं मी तुला घोळवतोय, म्हणून थोडं जास्त बोलतो. मी कल्याणचा. माझं नाव गोतम ठेवलं होतं आईने. इथे कुणाला माहीत नाही. इथे मी रोज मुंग्या सांगतो." त्याने लोकांना दाखवायला माझ्यावर बोट रोखलं, आवाज चढवला, जसं काही दरडावतोय. "मी पण पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं, बाळा. पण तेव्हा परीक्षा घ्यायला कुणी नव्हतं. मग खरं ऐकायला कुणी येईना आणि जेवण कमी झालं, तेव्हा मुंग्या काढल्या. आधी मांजराएवढ्या होत्या."

मला हसू आलं. मी ते गिळलं. नाकातून थोडं निसटलं, तेव्हा मी शिंकल्यासारखं केलं. मेलित्ताबाई डोळे बारीक करून बघत होत्या.

"कोठारातल्या हत्तींशी बोलतो मी कधी कधी," इंदोस म्हणाला. "शब्द विसरू नयेत म्हणून. आंबाडी म्हणतो. तिवर म्हणतो. आत्या म्हणतो. निवट्या म्हणतो, ते चिखलात उड्या मारणारे असतात ना ते. हत्ती काही बोलत नाही." तो आणखी एक पायरी उतरला. बोट रोखलेलं होतं ते हळूहळू खाली आलं. दरडावणं त्याच्या लक्षातून गेलं होतं. "आमच्या खाडीत वरच्या तरीपाशी, होड्या लागतात तिथे, एक उंबर होता. वाकडा, पार पाण्यावर झुकलेला. भरती आली की आम्ही पोरं त्याच्यावरून उड्या टाकायचो. एकदा माझा भाऊ बुडताबुडता वाचला, तर बाप उंबरच तोडायला कुऱ्हाड घेऊन गेला. आईने तोडू दिला नाही."

"आहे का रे तो अजून?" त्याने विचारलं.

आणि तो थांबला. खरोखरच थांबला, आपण एखाद्याला घरचं काही विचारतो आणि उत्तराची वाट बघतो तसा, जरा पुढे वाकून. गर्दी, बाई, परीक्षा, सगळं तो विसरला होता. बाहेर उंट ओरडत होते. मी त्या उंबराला आमची होडी बांधली होती, निघायच्या आदल्या आठवड्यात, मामांबरोबर कल्याणला कापडाचे गठ्ठे आणायला गेलो होतो तेव्हा. बुंध्यावर कुऱ्हाडीचे जुने घाव होते. मामा त्यांच्यावर पाय ठेवून वर चढले होते.

मी मोराच्या पिसाकडे बघत राहिलो. पिसात एकूण किती रंग असतात ते मला त्या दिवशी कळलं.

कितीतरी वेळाने त्याच्या पापण्या लवल्या. त्याने अंग सरळ केलं, चित्त्याचं कातडं खांद्यावर नीट ओढून घेतलं. मग मेलित्ताबाईंकडे वळून तो यवनांच्या भाषेत, त्या अस्सल तिथल्या उच्चारात म्हणाला, "हा आमच्याकडचा नाही. याला एक अक्षरसुद्धा कळलं नाही."

बाईंनी दार उघडलं. अर्तेमोन काहीतरी म्हणत होता, मी ऐकायला थांबलो नाही. त्याचा पुतळा तरीही बसला असं पुढे मामांकडून कळलं, कारण दगड आधीच आणलेला होता.

तांडा निघाला तेव्हा सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. मामांचा उंट माझ्या उंटाजवळ आला.

"तो म्हातारा एवढा वेळ काय बोलत होता रे? दाराबाहेर नुसता आवाज येत होता, शब्द कळत नव्हते."

"झाडाबद्दल विचारत होता. वरच्या तरीपाशी, कल्याणला, तो वाकडा उंबर."

"मग? आहे की तो."

"हो," मी म्हटलं. "आहे."